दोन यमुना : गोष्ट सांगतो कोण?

गोष्ट कशाची बनते, हा प्रश्न फार जुना आहे. कथानक, पात्रे, स्थळकाळ आणि निवेदन अशी तिची चार अंगे सामान्यतः सांगितली जातात. काय घडले, कोणाच्या बाबतीत घडले, कोठे व केव्हा घडले आणि ते आपणांस सांगतो कोण, एवढाच त्यांचा सरळ अर्थ. पहिल्या तीन अंगांकडे वाचकाचे लक्ष आपोआप जाते. चौथ्याकडे सहसा जात नाही. तथापि मराठी कादंबरीचा आरंभकाळ पाहिला, तर तिला प्रौढत्व आले ते मुख्यतः या चौथ्या अंगामुळे, असे आम्हांस वाटते.

'कादंबरी' हे नाव आपण बाणभट्टाच्या सातव्या शतकातील संस्कृत ग्रंथावरून घेतले. त्या ग्रंथात शूद्रक राजाच्या दरबारी एक पोपट येतो आणि जाबाली मुनींच्या मुखातून ऐकलेली कथा राजाला सांगतो. म्हणजे सांगणाऱ्याच्या आत आणखी एक सांगणारा! आमच्या पहिल्या कादंबरीकारांनी बाणाकडून नाव उचलले, अलंकारही उचलले. सांगणाऱ्याचे हे मर्म मात्र तेथेच राहिले.

लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ साली निघाली. सद्गुणी नायिका, तिच्यावर येणारी संकटांची परंपरा आणि शेवटी गोड शेवट. कथानकाची गोडी मराठी वाचकाला लागली ती अशा पुस्तकांनी. पण तेथे घटना घडतात त्या पुष्कळदा योगायोगाने. माणसाच्या स्वभावातून त्या निघत नाहीत. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांच्या 'मोचनगडा'ने १८७१ साली दुसरे अंग आणले. शिवकालातील गड आणि त्यावरची माणसे घेऊन कथा खऱ्या भूमीवर उतरली. स्थळकाळाला अर्थ आला.

या दोघांच्याही आधी, १८५७ साली, बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झाले होते. त्याच्या आदल्याच वर्षी विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा झाला होता. या पुस्तकातील यमुना पतीसह प्रवास करते, ठिकठिकाणच्या विधवांची दैन्यावस्था पाहते आणि पुढे तिच्यावरही तोच प्रसंग ओढवतो. पदमनजी ख्रिस्ती झालेले होते, आणि कथेचा ओघही अखेर त्याच धर्माकडे वळतो. विषय जळजळीत, कळकळ खरी. मग वाचकाच्या मनात यमुनेपेक्षा विधवांचा प्रश्नच का अधिक राहतो? कारण बोलतो तो ग्रंथकार. यमुना पाहते, विचारते, संवाद करते. पण निष्कर्षाची दोरी ग्रंथकाराच्या हाती असते. दुःखाची हकीकत आपणांस कळते. त्या दुःखाच्या आत मात्र आपला प्रवेश होत नाही.

तेहतीस वर्षांनी दुसरी यमुना आली. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली 'करमणूक' पत्र सुरू केले आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी क्रमशः दिली. विषय तोच. नावदेखील तेच! पण येथे यमू स्वतः आपली कथा सांगते. भावाबरोबरचे बाळपण, सासरचा जाच, मुंबईला पतीच्या सहवासात लाभलेले थोडके सुखाचे दिवस, मग वैधव्य आणि शंकरमामंजींनी घडवून आणलेले केशवपन, हे सर्व आपण तिच्याच तोंडून ऐकतो.

या एका फरकाने बाकीची तिन्ही अंगे बदलून गेली. कथानकाला योगायोगाची गरज उरली नाही. ब्राह्मण कुटुंबातल्या मुलीचे तेव्हाचे आयुष्य हेच कथानक झाले. स्थळ म्हणजे घरातलेच माजघर नि स्वयंपाकघर, कारण यमूला दिसते तेवढेच वाचकाला दिसते. आणि पात्रे? घरातली वडीलधारी माणसे राक्षस म्हणून रंगवावी लागली नाहीत. रोज आपल्या घरात वावरणारी माणसेच इतकी कठोर होऊ शकतात, हे वाचकाला आपसूक उमगले. शिवाय सांगणारी यमू सारे भोगून बसलेली आहे आणि जिच्याविषयी ती सांगते ती पोर अजाण आहे. या दोन वयांमधल्या अंतरातच त्या कथेचा करुण रस साठला आहे.

काळही लक्षात घ्यावा. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला. मुलीचे संमतीचे वय त्याने १० वरून १२ वर नेले. त्या वादात पुण्यात सभा गाजल्या, लेखण्या झिजल्या, शास्त्रार्थ झाले. शास्त्रवचनाला प्रतिवचन देता येते. पण एक मुलगी आपली हकीकत सांगू लागली म्हणजे तिला कोणते वचन काढून दाखवणार? तेथे ऐकणे एवढेच उरते. कादंबरीच्या नावातला प्रश्न वाचकालाच उद्देशून आहे, हे त्याला तेव्हा कळते.

येथे एक शंका कोणी घेईल, आणि ती रास्तच आहे. ही यमूही एका पुरुषानेच लिहिली ना? होय. स्त्रीचा आवाज पुरुषाने उसना घेतला, ही त्या यशाची मर्यादाच म्हटली पाहिजे. ताराबाई शिंदे यांनी १८८२ सालीच 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून उघड सवाल केला होता. पण तो निबंध होता. कथेत स्त्रियांनी स्वतःच्या मनातले निर्भीडपणे सांगितले तेव्हा केवढी खळबळ माजली, हे १९३३ च्या 'कळ्यांचे निःश्वास' या संग्रहाने दाखविले. त्यावर लेखिकेचे नाव विभावरी शिरूरकर असे होते. मालतीबाई बेडेकरांचे ते टोपणनाव! म्हणजे यमू बोलू लागल्यावर चाळीस वर्षांनीही खरी यमुना पडद्याआडूनच बोलत होती.

तेव्हा यापुढे कोणतीही गोष्ट हाती घेताना काय घडले एवढेच विचारून थांबू नये. हे सांगतो कोण, आणि जिच्यावर ते गुदरले तिला बोलू दिले आहे की नाही, हेही विचारावे. गोष्टीची कसोटी तर तेथे लागतेच. ऐकणाऱ्या समाजाचीही लागते.