खायचे दात, दाखवायचे दात

हत्तीचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, असे आपण ढोंगी माणसाबद्दल म्हणतो. पण माणसाने स्वतःसाठी जे खोटे दात केले त्यांचा इतिहास पाहिला, तर ही म्हण हत्तीपेक्षा माणसालाच जास्त लागू पडते. दोन हजारांहून अधिक वर्षे त्याने प्रामुख्याने दाखवायचे दात केले. खायचे दात करायला त्याला फार उशीर लागला आणि ते गरिबाच्या तोंडात पोचायला त्याहून उशीर. आजोबांच्या उशाशी वाटीत ठेवलेली कवळी पाहून नातवंडे हसतात. त्या कवळीमागे सोने आहे, युद्ध आहे, गुलामगिरी आहे आणि एक खूनसुद्धा आहे.

इटलीत रोमन लोकांच्या उत्कर्षाआधी एट्रुस्कन लोकांची वस्ती होती. इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमारास त्यांच्यातले कारागीर सोन्याची पातळ पट्टी शेजारच्या दातांभोवती वळवत आणि मधल्या रिकाम्या जागेत दुसरा दात बसवत. अशा पट्ट्या थडग्यांतून मिळाल्या आहेत आणि त्या मुख्यतः सधन घरांतल्या स्त्रियांच्या असाव्यात असे अभ्यासक मानतात. त्या दातांनी कठीण काही चावता येणे शक्य नव्हते. तो दागिनाच होता, फक्त गळ्याऐवजी तोंडात घातलेला. पुढे रोममध्ये इसवी सनापूर्वी ४५०च्या सुमारास 'बारा कोष्टके' नावाचे कायदे झाले. प्रेताबरोबर सोने देऊ नये, असे त्यांत बजावले होते. मात्र दात ज्या सोन्याने बांधले आहेत ते तसेच राहू द्यावे, अशी सवलतही होती. मेलेल्या माणसाच्या तोंडातून दात उपसू नयेत, एवढी माणुसकी त्या कायद्यात होती. ती पुढे कशी हरवली ते आपण पाहूच.

या सगळ्याला एक सुंदर अपवाद जपानचा. वाकायामा येथील एका बौद्ध भिक्षुणीची लाकडी कवळी आजही उपलब्ध आहे. ही भिक्षुणी १५३८ साली वारली. एका लाकडातून कोरलेली ही वरची पूर्ण कवळी टाळूला घट्ट बसेल अशा बेताने घडवलेली आहे. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवल्या तर सहज सुटत नाहीत. तसेच कवळी आणि टाळू यांच्यामध्ये लाळेचा पातळ थर असला की कवळी धरून राहते. हे मर्म जपानी कारागिरांना फार लवकर उमगले होते. बुद्धाच्या मूर्ती कोरणारे हातच तिथे दातही कोरत. एकोणिसाव्या शतकापर्यंत तिथले लोक अशा लाकडी कवळ्यांनी जेवत होते.

युरोपला मात्र हे सुचायला बराच काळ जावा लागला. आधुनिक दंतवैद्यकाचा पाया घालणारा फ्रेंच वैद्य पियर फोशार याने १७२८ साली आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. वरची कवळी खाली पडू नये म्हणून तो वरच्या आणि खालच्या कवळीच्या मध्ये स्प्रिंग बसवत असे. म्हणजे तोंड मिटून ठेवायलाच जोर लावायचा. जेवताना अशी कवळी बरेच जण काढून ठेवत. कवळ्या पाणघोड्याच्या किंवा हत्तीच्या दातांतून कोरलेल्या असत. त्यांना काळे डाग पडत, घाण वास येई. म्हणून त्यांत पुढच्या बाजूला खऱ्या माणसांचे दात बसवण्याची पद्धत पडली. हे दात येत कुठून? गरिबाकडून. थॉमस रोलंडसन या इंग्रज चित्रकाराने १७८७ साली यावर एक बोचरे व्यंगचित्र काढले. त्यात श्रीमंत बाईच्या तोंडात बसवण्यासाठी धुराडी साफ करणाऱ्या पोराचा दात उपटला जात आहे.

अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांची कवळी लाकडाची होती, अशी एक दंतकथा आहे. ती खरी नाही. १७८९ साली त्यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतली तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात शिल्लक होता. त्यांच्या निरनिराळ्या कवळ्यांत पाणघोड्याचे दात, शिसे, सोन्याची तार आणि माणसांचे दात वापरलेले होते. त्यांच्या हिशेबाच्या वहीत मे १७८४ची एक नोंद आहे. एका फ्रेंच दंतवैद्याच्या खात्यावर, नऊ दातांबद्दल, कृष्णवर्णीयांना सहा पौंड दोन शिलिंग दिल्याची. हे दात वॉशिंग्टन यांच्याच तोंडात गेले की नाही, हे वहीत लिहिलेले नाही. पण त्यांच्या मळ्यावर राबणाऱ्या गुलामांना 'नाही' म्हणण्याची सोय होती का, हा प्रश्न ती एका ओळीची नोंद आजही विचारते.

१८ जून १८१५ रोजी वॉटर्लूची लढाई झाली. रणांगणावर हजारो तरुण मरून पडले होते आणि तरुणांचे दात मजबूत असतात. रात्रीच्या अंधारात पक्कड घेऊन माणसे त्या प्रेतांमधून फिरली. ते दात विलायतेच्या बाजारात गेले. पुढे कित्येक वर्षे कवळीत बसवलेल्या माणसाच्या दातांना 'वॉटर्लूचे दात' हेच नाव पडले. बारा कोष्टकांनी प्रेताच्या तोंडाला जे अभय दिले होते, ते सव्वादोन हजार वर्षांनी इथे संपले.

चिनी मातीचे दात पॅरिसमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस तयार होऊ लागले होते आणि हळूहळू त्यांनी माणसांच्या दातांना हटवले. पण ते बसवायला सोन्याचा पत्रा लागे, म्हणजे पुन्हा श्रीमंतांचेच काम. खरा बदल दोन गोष्टींनी झाला. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनमध्ये विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने ईथरने भूल देण्याचे जाहीर प्रात्यक्षिक केले. त्यानंतर दात काढण्याची भीती गेली आणि किडके दात सरसकट काढले जाऊ लागले. जवळपास त्याच सुमारास चार्ल्स गुडइयर यांनी रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची युक्ती शोधली होती आणि १८५०नंतर त्यातून कडक रबराची कवळी आली. तोंडाचा साचा घ्यायचा, त्यात रबर भरायचे, शिजवायचे. कवळी हिरडीला तंतोतंत बसे आणि खर्चही थोडा येई. साधा कारकून, दुकानदार पहिल्यांदाच खोट्या दातांनी जेवू लागला.

पण जिथे गरिबाची सोय होते तिथे कोणीतरी जकातनाका उभा करतोच. या रबराचे हक्क एका कंपनीकडे गेले आणि ती अमेरिकेतल्या प्रत्येक दंतवैद्याकडून परवान्याचे पैसे मागू लागली. जे देत नसत त्यांच्यावर कंपनीचा खजिनदार जोसाया बेकन खटले भरत असे. १३ एप्रिल १८७९ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका हॉटेलात सॅम्युएल चॅलफंट या दंतवैद्याने त्याला गोळी घालून ठार केले. दोन वर्षांनी हक्कांची मुदत संपली आणि रबराची कवळी सर्वांना खुली झाली. १९३०नंतरच्या दशकात ॲक्रिलिक आले. हिरडीसारखा गुलाबी रंग असलेली आजची कवळी ती हीच.

गरिबांना दातांची किती भूक होती, हे ब्रिटनमध्ये दिसले. ५ जुलै १९४८ रोजी तिथे सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली आणि कवळी मोफत मिळू लागली. एवढी झुंबड उडाली की सरकारचे अंदाज कोसळले. १९५१ साली कवळी आणि चष्मा यांवर आकार बसवायचे ठरले, तेव्हा ही योजना उभारणारे अन्यूरिन बेव्हन यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. कवळीवरून मंत्र्याने खुर्ची सोडल्याचे दुसरे उदाहरण माझ्या वाचनात नाही.

आपल्याकडे दंतवैद्यकाचे पहिले महाविद्यालय १९२० साली कलकत्त्यात निघाले ते डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी काढले. ते अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातून शिकून आले होते. महाविद्यालयाला पैसा हवा म्हणून त्यांनी 'न्यूयॉर्क सोडा फाउंटन' नावाचे आइस्क्रीमचे दुकान चालवले. आइस्क्रीम विकून दातांचे डॉक्टर घडवायचे, यातली गंमत त्यांनाही कळत असणार. १९४८ साली दंतवैद्यांचा कायदा झाला. पण गावोगावी दात काढणारे, बसवणारे लोक त्यानंतरही बरीच वर्षे रस्त्याकडेला बसतच होते.

माझे अब्बा शिंपी होते. कात्री जवळ असली तरी दोरा दातांनीच तोडायचे. साठी उलटण्याआधीच त्यांचे सगळे दात गेले. जिल्ह्याच्या गावी जाऊन त्यांनी कवळी करून आणली. ती एका बाजूला हिरडीत रुतायची. करून देणाऱ्याने 'सवय होईल' एवढेच सांगितले होते. परत येऊन तेवढी जागा घासून घेता येते, हे कोणी सांगितले नव्हते. सवय झाली नाही. कवळी बटणांच्या डब्यात गेली आणि ईदला, लग्नाला तेवढी बाहेर निघू लागली. वलीम्याच्या दस्तरखानावर अब्बा पूर्ण दातांनिशी बसत, हसत, लोकांना आग्रह करत, आणि स्वतः काही खात नसत. घरी आल्यावर कवळी काढून दुधात कुस्करलेली भाकरी खात. अकरा वर्षे त्यांनी असे काढली. एट्रुस्कन बायकांच्या सोन्याच्या पट्टीबद्दल वाचले तेव्हा मला तो बटणांचा डबा आठवला.

दात नुसते खाण्याचे नसतात, बोलण्याचेही असतात. कवी म्हणून मला याचे जास्त वाटते. त, थ, द, ध, न ही अक्षरे दंत्य म्हणतात ती उगीच नव्हे. जीभ दातांना टेकल्याशिवाय ती नीट उमटत नाहीत. आपल्या मराठीत तर 'चार'मधला च वेगळा आणि 'चारा'मधला वेगळा. दुसऱ्याला दाताचा आधार लागतो. पुढचे दात पडले की माणूस हळूहळू कमी बोलू लागतो. मिर्झा गालिबने एका मित्राला पत्रात लिहिले होते की पुढचे दोन दात तुटले, तेव्हा त्याने दातांना मिस्सी लावणेही सोडले आणि दाढी वाढवली. पत्र विनोदी आहे, पण दुःख झाकण्याचीही ती एक रीत असते. याच्या उलट विन्स्टन चर्चिल. त्यांच्या बोलण्यात जन्मतःच थोडा बोबडेपणा होता आणि रेडिओवरून तोच आवाज देशाला ओळखीचा झाला होता. म्हणून तो उच्चार तसाच राहावा अशा बेताने त्यांची कवळी मुद्दाम घडवलेली होती.

चर्चिल यांना मिळाले ते आपल्या आईवडिलांनाही मिळायला हवे, ते म्हणजे आपल्या तोंडाला बसणारी कवळी. काही दात शिल्लक असतील तर ते उगीच काढू नयेत. त्यांच्या आधाराने अर्धी कवळी किंवा पक्का ब्रिज बसतो. सगळे दात गेले असतील तर पूर्ण कवळी, किंवा ऐपत आणि हाड चांगले असेल तर हाडात रुजवलेल्या टायटॅनियमच्या स्क्रूवरचे दात. स्वीडनच्या ब्रेनमार्क यांनी १९६५ साली पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात असे दात बसवले. वरच्या कवळीला टाळूचा आधार मिळतो. खालची नालेच्या आकाराची असते आणि जीभ तिला सारखी ढकलते, म्हणून ती जास्त त्रास देते. खाली असे दोन स्क्रू बसवून त्यांवर कवळी अडकवली तरी फार फरक पडतो.

पहिले काही आठवडे लाळ जास्त सुटते, शब्द अडखळतात. मऊ पदार्थांचे लहान घास घ्यावेत, दोन्ही बाजूंनी चावावे आणि रोज वर्तमानपत्र मोठ्याने वाचावे. रुतत असेल तर सोसू नये आणि घरी कानसही लावू नये. डॉक्टरकडे परत जावे. दात गेल्यावर जबड्याचे हाड झिजत जाते, त्यामुळे चांगली कवळीही काही वर्षांनी सैल होते. तिला आतून नवा थर देता येतो. कवळी मऊ ब्रशने आणि साध्या साबणाने धुवावी. खाली पाण्याने भरलेले भांडे ठेवावे, म्हणजे हातातून निसटली तरी फुटत नाही. उकळते पाणी वापरू नये, आकार बिघडतो. रात्री ती काढून पाण्यात ठेवावी आणि हिरड्या, जीभ ओल्या फडक्याने पुसाव्यात. जपानमध्ये ८५ वर्षांवरच्या वृद्धांचा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. झोपताना कवळी घालणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका दुपटीहून जास्त आढळला. ही गोष्ट नवी वाटते, पण वॉशिंग्टन यांच्या दंतवैद्याने १७९८ साली त्यांना पत्राने हाच सल्ला दिला होता: जेवण झाले की कवळी काढून स्वच्छ पाण्यात ठेवावी. आपल्याकडे मिश्री आणि तंबाखू आहे, म्हणून एक गोष्ट आणखी. कवळीखालची जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर 'घासत असेल' म्हणून सोडून देऊ नये. तोंड तपासून घ्यावे.

घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आपण रोज 'जेवलात का' म्हणून विचारतो. 'चावता येते का' हेही एकदा विचारून पाहावे.