माणूस गेल्यावर उरलेले कागद

आपल्या गोव्यात माणूस वारला की इन्व्हेंटरी होते. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली ही पद्धत २०१२ च्या वारसा कायद्यानेही चालू ठेवली आहे. कुटुंबप्रमुख, म्हणजे 'काबेस द काझाल', यादी देतो: घर, भाट, शेत, सोने, बँकेतली ठेव. मग मोल ठरते, वारसांत बोली होते, वाटणी होते. माळ्यावरची ट्रंक या यादीत सहसा नसते. तिच्यातल्या मोडी कागदांना आणि जुन्या मासिकांना बाजारात मोल नाही, म्हणून त्यांच्यावरून कोणी भांडतही नाही. घर रिकामे करायची वेळ आली की ती भंगारवाल्याकडे जाते. वारसांना तरी काय बोल लावायचा? एक भाऊ मुंबईला, दुसरा लिस्बनला, आणि सुटी आठ दिवसांची!

अशा घरात बाहेरचा जाणता माणूस आला तर काय होते, याचे उदाहरण दक्षिणेत आहे. तामिळनाडूतील कोट्टैयूर गावचे रोजा मुथय्या पाट्या रंगवणारे कलाकार. जन्मभर त्यांनी तमिळ पुस्तके, नियतकालिके, नाटकांच्या जाहिराती जमवल्या. १९९२ साली ते वारले. शिकागो विद्यापीठाने तो सगळा संग्रह घेतला, पण अमेरिकेला नेला नाही. चेन्नईत त्याचे ग्रंथालय झाले, सूची झाली, मायक्रोफिल्म निघाली.

याच वाटेने पुढे हैदराबादचे काम झाले. नल्लकुंटा म्हणजे तेलुगूत काळे तळे. त्या वस्तीला लागून बागलिंगमपल्ली, आणि तिथे सुंदरय्या विज्ञान केंद्र. १९८५ साली वारलेल्या कम्युनिस्ट नेते पुच्चलपल्ली सुंदरय्या यांच्या नावाचे. हैदराबादचे अब्दुस समद खान यांनी आयुष्यभर जमवलेली हजारो उर्दू पुस्तके आणि नियतकालिके १९९० च्या दशकात या केंद्रात आली. पैसा अमेरिकी विद्यापीठांच्या ग्रंथालयांचा, पण पुस्तके राहिली त्याच शहरात. एका माणसाचा ढीग फोडून विकला नाही, ही मला यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. सुटी पुस्तके कुठेही मिळतात, पण कुणी काय काय एकत्र ठेवले होते हे एकदा मोडले की परत जुळत नाही.

पुढे २४ ऑगस्ट २००० रोजी हैदराबादेत एका दिवसात सुमारे २४ सेंटीमीटर पाऊस पडला. हुसेनसागराचे जादा पाणी वाहून नेणारा नाला याच भागातून मुसी नदीकडे जातो. पाणी केंद्रात शिरले आणि हजारो पुस्तके बुडाली. पुन्हा माणसे बसली, ओले गठ्ठे सोडवत, पाने वाळवत. पुष्कळ गेले. ज्यांची फिल्म आधीच निघाली होती त्यांचा मजकूर तेवढा वाचला.

आपल्याकडे पांडुरंग पिसुर्लेकर १९६९ साली वारले. त्यांचा ग्रंथसंग्रह गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे, कोणीही जाऊन पाहावा. पण ते नामवंत इतिहासकार, त्यांच्या कागदांचे मोल सर्वांना ठाऊक होते. पाट्या रंगवणाऱ्याचे घर कोण पाहतो? पेडण्यात, फोंड्यात, डिचोलीत अशी घरे आजही बंद आहेत. मोडी वाचणारा एक जण दोन दिवस माळ्यावर बसला, तर भंगारवाल्याला काय द्यायचे आणि पणजीला काय पाठवायचे एवढे तरी कळेल. वाळवीने त्याआधी काही ठेवले असेल तर.