संशोधनाचें द्रव्य आणि संशोधनाचें मत

विरारच्या दक्षिणेस जवळच सोपारें हें प्राचीन शूर्पारक बंदर आहे. तेथील ‘बुरुड राजाचा कोट’ ह्या नांवानें ओळखलें जाणारें टेकाड पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८२ च्या एप्रिल महिन्यांत खणविलें, तेव्हां तो विटांचा बौद्ध स्तूप असल्याचें सिद्ध झालें. आंत दगडी पेटी, तींत एकांत एक बसविलेले तांबें, रुपें, दगड, स्फटिक व सोनें यांचे करंडक, आठ बुद्धमूर्ति आणि यज्ञश्री सातकर्णीचें रुप्याचें नाणें निघालें. त्याच वर्षीं अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडाहि सोपाऱ्यास सांपडला. हें सर्व इतिहासज्ञांच्या परिचयाचें आहे. परंतु हें काम करणारा विद्वान् कोणाच्या द्रव्यावर तयार झाला, हा प्रश्न सहसा विचारला जात नाहीं. तो गौण नव्हे. कारण जो खर्च सोसतो तो निर्णयहि ठरवितो कीं काय, ही शंका त्याच्याच पोटीं आहे.

भगवानलाल मूळचे जुनागडचे. मुंबईचे प्रख्यात डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनीं त्यांस १८६१ च्या सुमारास मुंबईस आणविलें, आणि स्वतःच्या खर्चानें देशभर पाठवून त्यांच्याकडून शिलालेखांचे ठसे व नकला करवून घेतल्या. १८६५ च्या शेअरबाजाराच्या पडझडींत भाऊंचें मोठें नुकसान झालें. १८७४ मध्यें ते वारले. सोपाऱ्याचा शोध त्यानंतर आठ वर्षांनीं लागला. दात्यानें पेरलें तें दात्याच्या हयातींत उगवलेंच पाहिजे असा विद्येच्या क्षेत्रांत नियम नाहीं.

ह्याच्या उलट दिसणारें उदाहरण पाटलिपुत्राचें. तेथील उत्खननासाठीं मुंबईचे उद्योगपति सर रतन टाटा यांनीं १९१३ पासून पुढील चार वर्षांत सुमारें ७५,००० रुपये दिले. सरकारी पुराणवस्तु-खात्याचे डॉ. स्पूनर यांस कुम्रहार येथें मौर्यकालीन स्तंभयुक्त सभागृहाचे अवशेष मिळाले. शोध मोलाचा होता. परंतु १९१५ मध्यें स्पूनर यांनीं त्यावरून मौर्य राजे मूळचे इराणी व जरथुष्ट्री होते असा सिद्धान्त मांडला. द्रव्य पारशी गृहस्थाचें आणि निष्कर्ष पारशांस गौरवास्पद, हा योग डोळ्यांत भरण्यासारखा आहे. तथापि एवढ्यावरून मत विकत घेतलें असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. इराणी शिल्पाशीं साम्य दिसतांच त्यावर वंशाची इमारत उभारणें हा दोष संशोधकाच्या तर्काचा होय. कीथप्रभृति पंडितांनीं तो सिद्धान्त लागलीच खोडून काढला. पुढें १९५१ ते १९५५ ह्या काळांत डॉ. अनंत सदाशिव अळतेकर व विजयकान्त मिश्र यांनीं त्याच जागीं पुन्हा उत्खनन करून स्पूनर यांच्या अनुमानांची तपासणी केली. मत टिकलें नाहीं. सभागृह मात्र इतिहासाच्या पदरीं कायमचें पडलें.

त्याच टाटांनीं १९१२ मध्यें लंडनच्या अर्थशास्त्रविद्यालयास दारिद्र्याच्या अभ्यासासाठीं देणगी दिली. तींतून निघालेल्या संस्थेचे संचालक टॉनी यांनीं साखळ्या बनविण्याच्या व शिवणकामाच्या धंद्यांत किमान वेतनाचा कायदा कसा चालला, याची चौकशी १९१४ व १९१५ मध्यें प्रसिद्ध केली. कारखानदाराच्या पैशानें मजुराच्या वेतनाचा हिशेब तपासला गेला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

महाराष्ट्रांत साताऱ्याचे रावबहादुर रा. रा. काळे यांच्या देणगीनें १९३० मध्यें पुण्यास गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली. तिची व्यवस्था भारतसेवक समाजाकडे आणि संशोधनाची सूत्रें धनंजयराव गाडगीळ यांच्याकडे, अशी विभागणी झाल्यामुळें द्रव्य देणारा एक व मत देणारा दुसरा, हें अंतर मुळापासूनच राहिलें. डॉ. होमी भाभा यांच्या सूचनेवरून सर दोराबजी टाटा निधीच्या साह्यानें १९४५ मध्यें निघालेल्या मूलभूत संशोधनाच्या संस्थेचा भार पुढें मुख्यतः सरकारनें उचलला. म्हणजे खासगी दान हें तेथें आरंभाचें बळ ठरलें.

ह्या उदाहरणांवरून एवढें निष्पन्न होतें कीं, दात्याचा धर्म वा धंदा पाहून संशोधनाची किंमत ठरवितां येत नाहीं. कसोट्या दोनच. द्रव्य कोणीं व किती दिलें हें उघड असावें. आणि ज्या पुराव्यावर मत उभें आहे तो पुरावा विरोधकासहि पाहावयास मिळावा. सोपाऱ्याचे करंडक मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे जतन झाले, आणि भगवानलाल यांनीं आपला वृत्तांत लागलीच छापून प्रसिद्ध केला, म्हणून त्यांच्या निर्णयांची चर्चा आजहि करतां येते. जेथें हिशेब झांकलेला व पुरावा कुलुपांत असेल, तेथें देणगी कितीहि मोठी असो, तिला विद्यादान म्हणतां येणार नाहीं.