बोराची बी आणि योकोहामाचं सूप

गेल्या हिवाळ्यात आई पुण्याहून आमच्याकडे योकोहामाला आली आणि तिची झोपच उडाली. कारण साधं होतं. पुण्यात रात्रीचे साडेदहा वाजतात तेव्हा इथे दोन वाजलेले असतात. मी क्लायंटच्या कॉलवरून उठायचो, तर ही हॉलमध्ये जपमाळ घेऊन बसलेली. शेवटी एका शनिवारी तिला घेऊन चायनाटाउनमध्ये गेलो.

चायनाटाउनचे रस्ते आजूबाजूच्या शहराला तिरके जातात, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या लक्षात आलं असेल. इथे पूर्वी खाडी बुजवून केलेली भातशेती होती, तिच्या बांधांची ही दिशा. 1859 मध्ये योकोहामा बंदर परदेशी व्यापाराला खुलं झालं. हाँगकाँग-शांघायहून आलेल्या युरोपीय व्यापाऱ्यांना जपानी येत नव्हतं, म्हणून त्यांनी चिनी मध्यस्थ सोबत आणले. बोली वेगळी असली तरी चिनी आणि जपानी माणूस कागदावर अक्षरं काढून सौदा करू शकत होते. मध्यस्थांच्या मागोमाग स्वयंपाकी, शिंपी, न्हावी आले. त्यांतले बरेचसे कँटनकडचे, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास सूप शिजवणाऱ्या मुलखातले.

आता गंमत अशी, की चिनी भाषेत सूपला 'तांग' म्हणतात आणि औषधी काढ्यालाही 'तांग'च. जपानी सार्वजनिक स्नानगृहाबाहेर आपण जे 'यु' वाचतो, तेच हे अक्षर. झोपेचा प्रसिद्ध काढा सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या चांग चोंगचिंग या वैद्याच्या ग्रंथात सापडतो. त्यातलं मुख्य औषध म्हणजे रानटी बोराच्या बीतला गर, आणि सोबत चक्क ज्येष्ठमध! आपण संक्रांतीला मुलांच्या डोक्यावरून ओततो, त्या बोराचाच हा चुलतभाऊ.

हा काढा जपानमध्येही रुळला होता. पण मेइजी सरकारनं वैद्यकीचा परवाना पाश्चात्त्य वैद्यकाच्या परीक्षेला बांधला. जुन्या वैद्यांनी कांपोला वेगळी मान्यता मागितली, ती 1895 मध्ये संसदेनं फेटाळली. मग ही विद्या मोजके डॉक्टर आणि औषधाची दुकानं यांच्या आधारानं तगून राहिली. 1976 मध्ये कांपोची अनेक औषधं आरोग्य विम्यात आली. आता हाच काढा 'सानसोनिन-तो' नावानं पुडीत मिळतो. काढ्याला अशी सरकारदरबारी चढउतार पाहावी लागली. सूपला कोणाचा परवाना लागला नाही. 1923 च्या भूकंपात आणि 1945 च्या बाँबहल्ल्यात चायनाटाउन बेचिराख झालं, तरी लोकांनी पुन्हा चुली मांडल्या.

पुडी घ्यायचा मोह मलाही झाला. पण आईला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत आणि ज्येष्ठमधानं रक्तदाब वाढू शकतो. तुमच्याही घरी असं कोणी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आम्ही सूपचं सामान घेतलं.

चौघांसाठी मूठभर कमळाच्या बिया तीन तास भिजवायच्या. (मखाणे नव्हेत, ती वेगळी वनस्पती.) मधला हिरवा कोंब काढून टाकायचा, नाहीतर कडू लागतं. मूठभर वाळवलेल्या लिलीच्या कंदाच्या पाकळ्या वेगळ्या भिजवायच्या. हा कंद जपानी लोकही 'युरिने' म्हणून आवडीनं खातात. आठ लाल वाळकी बोरं बिया काढून घ्यायची, शिवाय थोडं सुकं लोंगान, म्हणजे लिचीच्या नात्यातलं फळ. दीड लिटर पाण्यात आधी कमळाच्या बिया आणि बोरं पाऊण तास मंद शिजवायची, मग लिली आणि लोंगान घालून आणखी वीस मिनिटं. खडीसाखर शेवटी, तीही बेतानं.

ही काही झोपेची गोळी नव्हे. पण जेवणानंतर दिवे मंद करून, फोन बाजूला ठेवून सगळ्यांनी वाटीभर गरम सूप घेत बसायचं, एवढं तरी आमच्या घरी आठवडाभर रोज घडलं. त्या आठवड्यात रात्रीचे दोन कॉल मी सकाळवर ढकलले. आईची झोप हळूहळू लागायला लागली. सूपमुळे की इथलं घड्याळ अंगवळणी पडल्यामुळे, कोण जाणे.

आईचं मत मात्र पक्कं होतं. तिसऱ्या दिवशी चव घेऊन म्हणाली, "अरे, यात जायफळ कसं नाही?" आणि डबा उघडून चिमूटभर किसून घातलंच.