पिओनी: चांदूर बाजारच्या अंगणात हे फूल येईल का?

पिओनी म्हणजे गुलाबासारखे भरगच्च पाकळ्यांचे, तळहाताएवढे मोठे फूल. लग्नाच्या सजावटीचे फोटो आणि मोबाइलवरचे व्हिडिओ यांतून ते आपल्याकडे ओळखीचे झाले. आता त्याचे कंद आणि बियांची पाकिटे ऑनलाइन घरपोच मिळतात. त्यामुळे वऱ्हाडातल्या बागप्रेमींनाही ते लावून पाहावेसे वाटते. याचे थोडक्यात उत्तर असे की कंद फुटेल, पानेही येतील, पण फूल जवळजवळ नक्कीच येणार नाही. यात दोष मातीचा नाही. अडचण थंडीची आहे.

हे झाड कुठले?

पिओनीच्या तीसहून अधिक जाती आहेत. त्या युरोप, आशिया आणि उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या थंड प्रदेशांत वाढतात. काही जातींचे झाड हिवाळ्यात जमिनीलगत वाळून जाते आणि वसंतात गड्ड्यातून पुन्हा फुटते. काही जातींचे झुडूप कायम उभे असते. चीनमध्ये ज्याला ‘मूदान’ म्हणतात ते हेच झुडूप, आणि तिथल्या लुओयांग शहराची ओळखच या फुलाशी जोडलेली आहे. या दोन्ही गटांचा यशस्वी संकर जपानच्या तोइची इतो यांनी १९४८ मध्ये केला. त्यातून आलेल्या जाती आजही ‘इतो’ नावाने विकल्या जातात.

भारतातही एक पिओनी रानात उगवते. हिमालयी पिओनी काश्मीरपासून उत्तराखंडापर्यंतच्या उंच डोंगरांत आढळते आणि तिला पांढरी, एकेरी पाकळ्यांची फुले येतात. काश्मिरात तिला ‘मामेख’ म्हणतात. युनानी औषधांच्या दुकानात ‘ऊद सलीब’ नावाने मिळते ते पिओनीचेच मूळ. म्हणजे फूल आपल्याकडे पोचले नसले तरी वाळलेले मूळ अत्तार मंडळींच्या बरण्यांतून फार पूर्वीच आलेले आहे. ते घरच्या घरी औषध म्हणून मात्र घेऊ नये.

थंडी नेमकी किती लागते?

संत्र्याच्या पट्ट्यातल्या माणसाला ही गोष्ट लवकर समजेल. चांदूर बाजार, अचलपूर, मोर्शी, वरूड या भागात आंबिया बहारासाठी डिसेंबरच्या सुमारास बागेचे पाणी तोडतात. पाण्याचा ताण आणि हिवाळ्याची थंडी मिळून झाडाची वाढ थांबते. मग पाणी सोडले की जानेवारी-फेब्रुवारीत बहार फुटतो. ताण नीट बसला नाही तर झाड हिरवेगार राहते, पण फूल धरत नाही.

पिओनीलाही ताण लागतो, पण तो पाण्याचा नव्हे, थंडीचा. गड्ड्यावरचे डोळे हिवाळ्यात गाढ झोपेत असतात. साधारण २ ते ६ अंश सेल्सिअस तापमानात सलग ६० ते ७० दिवस गेल्यावरच ही झोप पुरी होते. चांदूर बाजारला थंडीची लाट आली तर पारा १० अंशांखाली उतरतो, पण तो पहाटेचे काही तास. दुपारी पुन्हा स्वेटर काढावा लागतो. अशा अर्धवट थंडीने डोळे नीट जागे होत नाहीत. फुटलेच तर चार पाने येतात आणि कळी पोसत नाही.

चिखलदऱ्याला तरी जमेल का, हा पुढचा स्वाभाविक प्रश्न. चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे आणि तिथे कॉफी होते. पण कॉफी होते याचाच अर्थ तिथली थंडी सौम्य आहे. पिओनीला लागतो तसा दोन-दोन महिने गोठवणारा हिवाळा तिथेही नसतो.

फ्रिजमध्ये गड्डा ठेवला तर?

ही युक्ती खोटी नाही. इस्रायलसारख्या उष्ण देशात व्यापारी फुलांसाठी कुंड्या शीतगृहात ठेवून हाच मार्ग वापरतात. घरी करायचे असेल तर तीन ते पाच डोळ्यांचा निरोगी गड्डा किंचित ओलसर कोकोपीटमध्ये गुंडाळावा आणि भोके पाडलेल्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवावा. शेजारी सफरचंद, केळी ठेवू नयेत, कारण पिकणाऱ्या फळांतून निघणारा इथिलीन वायू डोळ्यांना मारतो. दोन महिन्यांनी गड्डा कुंडीत लावताना डोळे मातीखाली एक इंचापेक्षा खोल जाऊ देऊ नयेत. खोल लावलेला गड्डा थंड देशातही फुलत नाही.

पण खरी परीक्षा नंतर आहे. नवा गड्डा फुलावर यायला एरवीही दोन-तीन वर्षे घेतो. इकडे मार्चपासून ऊन चढते, मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि पावसाळ्यात काळ्या मातीत पाणी साचून मुळे सडतात. थंड हवेत पन्नास वर्षे जगणारे हे झाड इथे बहुधा एका उन्हाळ्याचे सोबती ठरते. हौस म्हणून करून पाहायला हरकत नाही, मात्र महागडा गड्डा घेऊन नव्हे.

बियांच्या पाकिटापासून सावध

पिओनीचे बी पेरले की आठवड्यात उगवत नाही. आधी उबदार काळात मूळ फुटते, मग थंडी खाल्ल्यावर कोंब वर येतो. यात एक ते दोन वर्षे सहज जातात आणि फुलायला त्यापुढे आणखी काही वर्षे लागतात. ‘४५ दिवसांत फुले’ असे लिहिलेले पाकीट पिओनीचे असूच शकत नाही. गडद निळ्या फुलाचा फोटो असेल तर तेही सोडून द्या. अशी निळी पिओनी अस्तित्वात नाही.

‘पिओनी पॉपी’ या नावाकडे तर नीट लक्ष द्या. ही पिओनी नव्हे. ती भरगच्च पाकळ्यांची अफूची खसखस आहे, आणि विदर्भाच्या हिवाळ्यात ती छान उगवते. परवान्याशिवाय अफूचे झाड लावणे हा १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे. परवाने केंद्र सरकार देते आणि तेही मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशातल्या ठरावीक भागांतच. फुलासाठी लावले होते, ही सबब अडचणीची ठरू शकते.

तसेच भरगच्च फूल हवे असेल तर

डेलिया लावा. पाकळ्यांची गर्दी, आकार आणि रंग या बाबतीत पिओनीच्या सर्वांत जवळ जाणारे आणि आपल्या हिवाळ्यात हमखास येणारे फूल तेच. डेलियात ‘पिओनीसारखा’ नावाचा एक गट आहे, पण त्याची फुले अर्धवट उघडी दिसतात. भरगच्चपणा हवा असेल तर रोपवाटिकेत ‘डेकोरेटिव्ह’ प्रकार मागावा.

पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, बारा इंची कुंडीत रोप लावावे. नुसती काळी माती वापरू नये. ती वाळली की भेगाळते आणि कोवळी मुळे तुटतात. काळी माती, कुजलेले शेणखत आणि जाड वाळू समप्रमाणात घ्यावी. खारपाणपट्ट्यातल्या गावात बोअरचे पाणी सतत दिल्यास पानांच्या कडा करपतात, तिथे साठवलेले पावसाचे किंवा नळाचे पाणी बरे. रोप वीतभर झाले की शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या फुटतात. एकच मोठे फूल हवे असेल तर मधली कळी ठेवून बाजूच्या काढाव्यात. फुलाच्या वजनाने दांडा मोडतो, म्हणून तुराटीचा आधार आधीच द्यावा. जानेवारी-फेब्रुवारीत फुले येतात.

मार्चमध्ये पाने पिवळी पडली की पाणी थांबवून कंद काढावेत आणि सावलीत कोरड्या वाळूत ठेवावेत. डेलियाचा डोळा बटाट्यासारखा अंगभर नसतो, तो खोडाजवळच्या मानेवर असतो. मान तुटलेला कंद कितीही जाडजूड असला तरी फुटत नाही. पावसाळी दमटपणात बरेच कंद सडतात, त्यामुळे जुलैत एकदा वाळू उकरून पाहावी आणि मऊ पडलेले फेकून द्यावेत.

दरवर्षीची ही उठाठेव नको असेल तर निशिगंधाचा ‘डबल’ प्रकार सोपा आहे. एप्रिल-मे मध्ये लावलेले कंद पावसाळ्याअखेर दांडे देऊ लागतात आणि एकाच जागी तीन वर्षे फुलतात. नंतर दाटी होऊन दांडे बारीक पडतात, तेव्हा सगळे उकरून मोठे कंद निवडावेत आणि नव्या खतमातीत लावावेत.