खानदेशच्या सीमा : इतिहास आणि भौगोलिक माहितीसंच

महाराष्ट्राच्या प्रशासकीय नकाशावर खानदेश नावाचा जिल्हा नाही वा विभागही नाही. तथापि, जळगाव, धुळे व नंदुरबार येथील लोक स्वतःस खानदेशी म्हणवितात. अशा अनिश्चित सीमेच्या प्रदेशाची नोंद संगणकीय माहितीसंचात कशी करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

इ.स. १३८२ च्या सुमारास उदयास आलेल्या फारुकी सत्तेचे केंद्र प्रथम थाळनेर व पुढे बऱ्हाणपूर होते. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि शाहजादा दानियालच्या नावावरून सुभ्यास ‘दानदेश’ हे नाव मिळाले. १८१८ नंतर इंग्रजांनी खानदेश जिल्ह्याचे ठाणे धुळ्यास केले; बऱ्हाणपूर पुढे मध्य प्रांतात गेले. १९०६ मध्ये जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे विभाजन झाले, १९६० मध्ये पश्चिमेकडील काही गावे गुजरातला जोडली गेली आणि १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार स्वतंत्र झाला.

बागलाणचे उदाहरण अधिक बोलके आहे. १६३८ पर्यंत ते स्वतंत्र राज्य होते. नंतर मोगलांकडे आले. इंग्रजी अंमलात ते खानदेशात होते, पण १८६९ मध्ये मालेगाव व नांदगावसह नाशिक जिल्ह्यात गेले. जिल्हा बदलला तरी तेथील अहिराणी बोली टिकून राहिली. मग बागलाण खानदेशात आहे की नाही? ‘केव्हाचा व कोणाचा खानदेश’ हे ठरविल्याविना याचे उत्तर देता येत नाही.

माहितीसंचाला मात्र बंद रेषेचा बहुभुज हवा असतो. झादे यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या ‘फझी सेट’ संकल्पनेत सदस्यत्वास शून्य ते एक असे अंश देता येतात. कोन व गॉट्स यांच्या प्रतिमानात निश्चित गाभा म्हणजे अंड्यातील बलक, तर संदिग्ध परिघ म्हणजे पांढरा भाग. प्रस्तुत लेखकास दुसरी पद्धत इतिहासास अधिक सोयीची वाटते, कारण ०.६ हा अंश कोणत्या कागदाच्या आधारे द्यावा, हे सांगणे कठीण आहे.

हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. आजच्या तीन जिल्ह्यांचाच बहुभुज ‘खानदेश’ म्हणून नोंदविल्यास बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीतील फारुकी वंशावळीचा संस्कृत शिलालेख खानदेशच्या शोधात सापडणारच नाही. म्हणून प्रत्येक सीमारेषेसोबत तिचा काळ व साधन नोंदवावे आणि एकाच नावाखाली अनेक रेषा राहू द्याव्यात. आरंभ १८८० च्या खानदेश गॅझेटिअरपासून करता येईल.