शिंदी आणि ताडी: पिणाऱ्याने आणि घरच्यांनी काय ओळखावे?

फिट आलेल्या माणसाला दवाखान्यात आणल्यावर डॉक्टर विचारतात, दारू पितात का? घरचे लगेच नाही म्हणतात. थोड्या वेळाने कळते की तो रोज शिंदी पितो आणि दोन दिवसांपासून बंद आहे. शिंदीला दारू न समजण्याची ही सवय हिंगोली, नांदेड, परभणी भागात जुनी आहे. उपचाराच्या दृष्टीने मात्र ही माहिती फार महत्त्वाची असते.

शिंदी कशी तयार होते?

शिंदीच्या (रानखजुराच्या) किंवा ताडाच्या झाडाला छेद देऊन मडके बांधले की रात्रभरात गोड रस जमतो. हा ताजा रस म्हणजे नीरा. यात साधारण १० ते १२ टक्के साखर असते. मडक्यातले आणि हवेतले यीस्ट व जिवाणू ही साखर लगेच आंबवू लागतात. म्हणूनच नीरेसाठी मडक्याला आतून चुना लावतात आणि ती थंड ठेवून लवकर पितात. उन्हात ठेवलेल्या रसात काही तासांतच दारू तयार होते. दिवसभरात तिचे प्रमाण साधारण ४ ते ६ टक्के, म्हणजे बियरइतके होते. पुढे रस आणखी आंबट होत जातो आणि शेवटी त्याचा सिरका बनतो.

आंबट आहे म्हणजे दारू कमी आहे का?

नाही. बेल्जियममध्ये ब्रुसेल्सच्या आसपास 'गूझ' नावाची आंबट बियर बनते. तिच्यातही वेगळे यीस्ट न घालता हवेतल्या आणि पिंपातल्या जंतूंवर आंबवण सोडतात. लाकडी पिंपांत एक ते तीन वर्षे मुरलेली बियर एकत्र करून ती बाटलीत भरतात. चव चांगलीच आंबट, तरी दारू इतर बियरइतकीच. शिंदीचेही तसेच आहे. चवीवरून दारूचे प्रमाण कळत नाही.

साधा हिशेब पाहा. ५ टक्के दारू असलेल्या शिंदीच्या ६५० मि.ली. बाटलीत सुमारे २५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. व्हिस्कीच्या ६० मि.ली. पेगमध्ये ते सुमारे २० ग्रॅम असते.

शिंदी थंड असते, पोटाला चांगली असते, हे खरे का?

नीरेत साखर, काही क्षार आणि जीवनसत्त्वे असतात. पण आंबल्यावर मिळणारी दारू यकृतावर तोच परिणाम करते जो इतर दारू करते. काविळीत शिंदी पिणे धोक्याचे आहे. क्षयरोगाची औषधे चालू असतील तर यकृताला इजा होण्याचा धोका वाढतो. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर अचानक उतरू शकते. गरोदर स्त्रीने आणि मुलांनी ती अजिबात पिऊ नये.

खरा मोठा धोका: भेसळ

झाडे कमी आणि मागणी जास्त असली की पाणी, सॅकरिन आणि गुंगीची औषधे मिसळून 'ताडी' बनवली जाते. यासाठी क्लोरल हायड्रेट, डायझेपाम, अल्प्राझोलाम ही औषधे वापरल्याचे उघडकीस आले आहे. दारूसोबत ही औषधे श्वास मंदावतात. क्लोरल हायड्रेटमुळे हृदयाचे ठोकेही बिघडतात. शिवाय शरीराला दारूबरोबर या औषधांचीही सवय लागते आणि पिणाऱ्याला ते माहीत नसते.

२०१५ मध्ये तेलंगणात भेसळीच्या ताडीवर कारवाई झाली आणि पुरवठा एकदम थांबला. त्यानंतर महबूबनगर, निजामाबाद भागातील रुग्णालयांत फिट, भास आणि बेभान वागणे अशा तक्रारींचे रुग्ण मोठ्या संख्येने आले. निजामाबाद आपल्या नांदेडला लागूनच आहे.

रोज पिणाऱ्याने एकदम बंद करावी का?

सोडायलाच हवी, पण रोज पिणाऱ्याने डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. बंद केल्यावर पुढील तक्रारी येऊ शकतात:

- ६ ते २४ तासांत: हात थरथरणे, घाम, मळमळ, झोप न येणे.
- पहिल्या दोन दिवसांत: फिट.
- दुसऱ्या ते चौथ्या दिवशी: भास होणे, माणसे न ओळखणे, ताप, आरडाओरड.

ताडीत गुंगीचे औषध असेल तर हा त्रास उशिराही सुरू होतो आणि जास्त दिवस टिकतो. याला बाहेरची बाधा समजून वेळ घालवू नका. रुग्णालयात योग्य औषधे हळूहळू कमी करत आणि थायमिन (जीवनसत्त्व बी-१) देऊन हा त्रास आटोक्यात आणता येतो. घरी मेडिकलमधून झोपेच्या गोळ्या आणून देऊ नका.

लगेच १०८ ला फोन कधी करावा?

- फिट आली, किंवा हाक मारूनही माणूस जागा होत नाही.
- श्वास फार मंद आहे, घरघर लागली आहे.
- भास होत आहेत किंवा तो असंबद्ध बोलत आहे.
- पिल्यानंतर नजर धूसर झाली. हे विषारी हातभट्टीतील मिथेनॉलचे लक्षण असू शकते.

फिट आल्यास रुग्णाला कुशीवर वळवा आणि आजूबाजूच्या टणक वस्तू बाजूला करा. तोंडात चमचा, पाणी काही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याचा काही उपयोग नाही.

डॉक्टरांना काय सांगाल?

रोज किती पितात, किती वर्षांपासून आणि शेवटची कधी घेतली, हे स्पष्ट सांगा. 'दारू नाही, फक्त शिंदी' असे म्हणून ही माहिती मागे ठेवू नका. ती कळली तर उपचार लवकर सुरू होतात.

व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. सोडण्याची तयारी झाली की आधी जवळच्या सरकारी रुग्णालयात जा, मगच पिणे थांबवा.

*ही माहिती जनजागृतीसाठी आहे. उपचारासाठी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.*